चार नंबरचा दोरा

११ जानेवारी

ठकू,

वर काय लिहायचं यातच दोन दिवस गेले. नेहमीसारखा आशीर्वाद लिहिला तर तू म्हणशील, आता कशाला. आणि नुसतं नाव लिहिलं तर चिठ्ठी वाटते. शेवटी म्हटलं, चिठ्ठी तर चिठ्ठी. पत्ता तुझ्या आत्याने दिला. माझ्या सख्ख्या बहिणीने तो अकरा वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यात दडवून ठेवला होता आणि मला तोंड वर करून सांगत होती, "मला काय ठाऊक!" तू कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात काम करतेस, हेही तिने काल पहिल्यांदा सांगितलं. फोन नंबर मात्र देत नाही.

कामाचं आधी. अ‍ॅनाटॉमी विभाग नव्या इमारतीत जातोय. तळघरातल्या जुन्या बरण्या फेब्रुवारीअखेर नष्ट करणार आहेत. कुठल्या बरणीत काय आहे हे सांगणारं तिथे कुणी उरलेलं नाही, म्हणून नव्या विभागप्रमुख बाईंनी मला बोलावणं पाठवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण लेबलांवरचं अक्षर अजून माझंच. तुझ्या कामाच्या सात बरण्याही तिथेच आहेत. त्यांतलं काही हवं असेल तर कळव.

आणि विषय निघालाच आहे तर माझी बाजू एकदा लिहून काढतो. तेव्हा तू ऐकायला थांबली नाहीस.

तरुणपणी डावा पाय यंत्रात गेलेल्या एका गृहस्थांनी देहदान केलं होतं. त्यांचा मज्जारज्जू तुला संशोधनासाठी मिळाला. पायच राहिला नाही तर त्या पायाची खबर घेणाऱ्या पेशींचं पुढच्या चाळीस वर्षांत काय होतं, हा तुझा प्रश्न. मी त्या मज्जारज्जूचे सात तुकडे केले. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला काळा दोरा बांधला आणि डाव्या बाजूने बारीक सुई लांबीच्या दिशेने आरपार घातली. मग कितीही पातळ काप काढा, प्रत्येकात एक भोक दिसणार, आणि भोक दिसेल ती बाजू डावी. आपल्या विभागाचा हा रिवाज माझ्याही आधीचा. काप दोन्हीकडून इतका सारखा असतो की भोक नसेल तर डावं कुठलं नि उजवं कुठलं, बघणाऱ्याला छातीठोक सांगता येत नाही.

सहा तुकड्यांत पेशी भोकाच्या बाजूला कमी निघाल्या, म्हणजे डावीकडे, व्हायला हव्यात तशाच. चार नंबरच्या तुकड्यात मात्र भोकाच्या विरुद्ध बाजूला कमी. आणि तू काय केलंस? प्रबंधाच्या तक्त्यात त्या एका तुकड्याचे डावे-उजवे आकडे गुपचूप अदलाबदल करून टाकलेस. कुठे साधी तळटीप नाही. बाहेरच्या परीक्षकांनी स्लाइड लावून बघितली आणि तू पकडली गेलीस. चौकशी समितीने मला विचारलं, "सुई चुकीच्या बाजूला गेली असेल का?" मी म्हणालो, "सव्वीस वर्षांत माझी सुई चुकलेली नाही." विचारलं त्याचं उत्तर दिलं. यात माझं काय चुकलं ते मला आजही कळलेलं नाही.

असो. भांडायला पत्र लिहिलं नव्हतं.

बाबा

ता. क. वय झालंय बहुतेक. उजव्या पायातली चप्पल जिन्यात निसटते आणि मी वर येऊन दार उघडेपर्यंत मला पत्ताच नसतो. आणि गेल्या आठवड्यात गरम पाण्याच्या पिशवीने डावा पाय भाजला. हे चपलेपेक्षा विचित्र. फोड आले तेव्हा बघून कळलं, भाजताना काहीच कळलं नव्हतं.

२४ जानेवारी

ठकू,

उत्तर नाही. टपाल हल्ली रेंगाळतं म्हणतात.

फोड दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी फोड बाजूलाच ठेवले आणि मला झोपवून दोन्ही पायांवर टाचणी टोचत बसले. मग थरथरणारा नादकाटा घोट्याला लावला. मग डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला आणि विचारलं, "कुठे आहे?" उजवा अंगठा कुठे आहे ते मला सांगता येईना. स्वतःचा अंगठा, एकोणसत्तर वर्षं जवळ बाळगलेला! डावा बरोबर सांगितला, पण डाव्याला टाचणी टोचलेली कळत नव्हती. गरम चमचा नि गार चमचा दोन्ही सारखेच.

ते तरुण डॉक्टर कागदावर रेघा ओढून मला समजावायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा, मी सांगतो. बिघाड एकाच जागी आहे. पाठीत, उजव्या बाजूला." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही, पण मला हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलंय."

तुला आठवतं का ते? तू पहिल्या वर्षाला होतीस. मी तोवर हजारो काप काढले होते, रंगवले होते, पण त्यात काय आहे हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुझी आई स्वेटर अर्धवट टाकून गेली होती, त्याची लोकर तू काढलीस. माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना निळी आणि लाल, दोन-दोन टोकं बांधलीस. म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता मज्जारज्जू. हलायचं नाही." निळी लोकर म्हणजे पाय कुठे आहे याची खबर. ती ज्या बाजूची त्याच बाजूने सरळ वर जाते, पार मानेच्या वर, तिथल्या पेशींच्या पुंजक्यापर्यंत, आणि मग बाजू बदलते. लाल म्हणजे दुखणं आणि चटका. त्याला धीर नाही. ते आत शिरलं की लगेच पलीकडे उडी मारतं आणि पलीकडच्या बाजूने वर जातं. म्हणून उजवीकडे इजा झाली तर पाय हरवतो उजवा, आणि चटका कळेनासा होतो डाव्याचा. मी तासभर अंगठ्यांना लोकर बांधून बसलो होतो. चहा गार झाला होता.

आणि क्लार्कचा स्तंभ! खालच्या पाठीतल्या त्या पेशी पायाची वर्दी लहान मेंदूकडे पाठवतात. तू त्यांना ‘क्लार्कसाहेब’ म्हणायचीस. चष्मा नाकावर, कानाला पेन्सिल, आलेला प्रत्येक कागद वरच्या कचेरीत धाडणारे.

फोटो काढले. दोन खांद्यांच्या मधे, उजवीकडे, बोराएवढी गाठ आहे. मज्जारज्जूला बाहेरून दाबते आहे. काढावी लागेल. तारीख तीन मार्च मिळाली आहे. साधी गाठ असावी म्हणतात. पाय पूर्ण परत येईल की नाही ते सांगत नाहीत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला घरात आहे कोण? काल एकटाच मोठ्याने बोललो, "चमचे सारखेच लागले बरं का." मग उठून रेडिओ लावला.

बाबा

९ फेब्रुवारी

ठकू,

आत्या येऊन गेली. तुझ्याकडून काही निरोप आहे का असं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आल्या आल्या म्हणाली, "पाय पुढे कर." वर्तमानपत्र पसरून त्यावर माझा पाय ठेवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग पोटरीला फीत गुंडाळली, घोट्याला गुंडाळली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं. मी म्हटलं, "ताई, काय चाललंय?"

"मोजे विणतेय तुझ्यासाठी."

"अगं, भाजलाय डावा, आणि मापं घेतेस उजव्याची?"

"तुला काय कळतंय त्यातलं! गप बस."

तिला जन्मात कधी विणता आलेलं नाही. पण वयानुसार माणूस हट्टी होतो, म्हणून सोडून दिलं.

तळघरात मी अजून गेलेलो नाही. विभागप्रमुख बाईंचा दोनदा फोन आला. पायऱ्या जमत नाहीत असं सांगितलं. त्या भल्या आहेत, म्हणाल्या, "माणूस पाठवते, हात धरून आणेल." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

खरं तर पायऱ्यांचं कारण नाही, ठकू. काठी घेऊन मी बाजारापर्यंत जातो. तुझ्या सात बरण्यांसमोर उभं राहायची भीती वाटते. का वाटते ते मला चांगलं ठाऊक आहे आणि ते या पत्रात लिहायला जमत नाहीये.

बाबा

१७ फेब्रुवारी

ठकू,

काल गेलो.

तळघरात दिवा एकच, तोही फडफडणारा. वास तोच. डोळ्यांत पाणी आलं ते फॉर्मालिनचं, असं मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी तुझ्या सातही बरण्या टेबलावर मांडून दिल्या आणि खुर्ची सरकवली.

तुला माहीत आहेच, प्रत्येक तुकडा सुई घातल्यावर मी आडवा अर्धा करायचो. खालचा अर्धा मेणात जायचा, त्याचे काप व्हायचे. दोरा बांधलेला वरचा अर्धा बरणीत राखून ठेवायचा, कधी शंका आलीच तर बघायला म्हणून. कधी शंका आली नाही, निदान कुणी तसं म्हटलं नाही.

एक नंबर उघडला. चिमट्याने तुकडा पांढऱ्या बशीत ठेवला. दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंची बारीक मुळं निघालेली असतात आणि ती कायम खाली झुकतात, पायांकडे. दोरा वर, मुळं दोऱ्यापासून दूर झुकलेली. बरोबर. दोन, तीन, बरोबर. मग मी पाच, सहा, सात बघितले. तेही बरोबर. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "एक राहिली."

चार नंबरची मुळं दोऱ्याकडे झुकलेली आहेत.

मी बशी फिरवून बघितली. भिंग आणवलं. माझं डोकं फिरलंय म्हणून बाईंना बघायला सांगितलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "दोरा खालच्या टोकाला आहे." म्हणजे मी तो तुकडा उलटा धरला होता. डोकं ते पाय समजलो. मग समोरची खाच बघून डावी म्हणून जी बाजू धरली, ती उजवी होती. सुई उजवीकडे गेली. पेशी डावीकडेच कमी होत्या, सातही तुकड्यांत. तू आकडे फिरवले नव्हतेस, तू ते सरळ केले होतेस.

एवढंच असतं तर मी घरी येऊन तुला लिहिलं असतं की माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं. पण बरणीच्या तळाशी आणखी एक कागदाची पट्टी होती. पेन्सिलीने लिहिलेली, कारण फॉर्मालिनमध्ये शाई धुऊन जाते, हे तुला मीच शिकवलं होतं. अक्षर तुझं. तारीख प्रबंध देण्याच्या तीन आठवडे आधीची. ‘दोरा खालच्या टोकाला बांधला गेलाय. बाबांना कळू द्यायचं नाही.’

तळटीप का नव्हती ते मला काल कळलं. तळटीप दिली असती तर तिच्यात चूक कुणाची ते लिहावं लागलं असतं.

बाईंनी मला पाणी दिलं.

२ मार्च

ठकू,

उद्या ऑपरेशन. आज इस्पितळात येऊन पडलोय. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसते. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांकडे भेटायला सात माणसं आली होती. त्यांनी माझी खुर्चीही नेली.

मागच्या पत्रात मी सही केली नाही. करवेना. आणि ते पत्र अर्धवटच होतं. मी लिहिलं की ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणता आलं असतं. ठकू, ते खोटं ठरलं असतं.

दोरे बांधले त्या दिवशी तू प्रयोगशाळेत आली होतीस. माझे तीन तुकडे झाले होते, चौथा हातात होता. तू स्टुलावर बसून क्लार्कसाहेबांचा आवाज काढलास, "अर्जदाराचा पायच जागेवर नाही, तरी अर्ज रोज येतो. काय करायचं या माणसाचं?" मी इतका हसलो की तुकडा बशीत ठेवून चष्मा पुसावा लागला. पुन्हा उचलला तेव्हा मुळांकडे बघितलं नाही. तुझ्याकडेच बघत होतो. दोरा बांधला आणि सुई घातली.

समितीने विचारलं तेव्हा मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. त्या क्षणात मला ती बशी दिसली, हातातला चष्मा दिसला. मला कळलं. पुरतं नाही, पण बरण्या उघडून बघू या असं म्हणण्याइतकं नक्की कळलं. पण समोर पाच मोठी माणसं बसलेली. तेव्हाचे विभागप्रमुख नुकतेच म्हणाले होते, "यांच्या हातावर आमचा डोळे झाकून विश्वास." माझ्या नावापुढे ना पदवी ना काही. माझ्याकडे तेवढा हातच होता, ठकू. आणि मी म्हणालो, सव्वीस वर्षांत चुकलेली नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता ही सांगेल आणि माझी सुटका होईल. तू म्हणालीस, "मला काही सांगायचं नाही."

घरी येऊन मी तुलाच बोल लावले. तीन दिवस. ‘माझी मान खाली घातलीस’ हे माझेच शब्द. चौथ्या दिवशी तू गेलीस तेव्हा मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. बॅगेची चाकं जिन्यात वाजली. शेवटच्या पायरीपर्यंत मी आवाज मोजले, आणि उठलो नाही.

बिघाड माझ्या बाजूचा आणि चटका तुझ्या वाट्याला, आणि मला अकरा वर्षं त्याची धग कळली नाही, असं लिहून मोकळा झालो असतो. पण मला धग लागत होती. मी पाय मागे घेतला नाही, एवढंच.

शुक्रवारी मी विभागाला लेखी निवेदन दिलं. चार नंबरची बरणी, तुझी पट्टी, सगळं विभागप्रमुख बाईंच्या ताब्यात आहे. नष्ट करायच्या यादीतून सातही बरण्या काढल्या. तुझा प्रबंध रद्द करण्याचा जुना निर्णय फिरेल की नाही ते त्या सांगू शकत नाहीत, बराच काळ गेलाय म्हणाल्या. पण निवेदन फाइलला लागलं. नक्कल सोबत आहे. त्यात ‘अनवधान’ असा शब्द बाईंनी सुचवला होता, तो मी खोडला. चूक केली आणि समितीपुढे लपवली, असं लिहिलं.

तू ये असं म्हणत नाही. उत्तर लिही असंही नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर हे माझ्या पोटात राहायला नको होतं.

आत्ताच सर्जन येऊन पाठीवर शाईने खूण करून गेले. मी म्हटलं, "साहेब, उजवीकडेच ना? दोनदा बघा." ते हसले. मी हसलो नाही. त्यांनी परत फोटो मागवला आणि माझ्यासमोर दुसऱ्यांदा बघितला.

तुझा बाबा

१४ एप्रिल

ठकू,

गाठ निघाली. साधीच होती. डावा पाय हळूहळू जागा होतोय. परवा अंघोळीचं पाणी कडकडीत लागलं तर मी आनंदाने ओरडलो, आणि आत्या धावत आली की घसरलो की काय. उजवा मात्र पुढून लोंबतो, बोटं जमिनीला घासतात. घरातल्या घरात दोनदा तोंडावर आपटलो.

आज पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या जागी कारखान्याचा शिक्का, नाव नाही. आत पत्र असेल म्हणून मी सगळा कागद उलटापालटा केला, खोक्याच्या घड्या सोडवून बघितल्या. पत्र नव्हतं. एक आधार होता, पोटरीपासून तळव्यापर्यंतचा, पातळ आणि हलका, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आत्या म्हणाली, "घे, हे बघ तुझे मोजे." मग पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली.

मी तो पायावर चढवला. तंतोतंत बसला. पोटरीशी जिथे खाच आहे तिथे माझी पोटरी, घोट्याचं हाड जिथे टोचलं असतं तिथे आतून मऊ कापड. बोटं वर राहतात. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललो, परत आलो, पुन्हा गेलो. घासल्याचा आवाज नाही.

मग खुर्चीत बसून काढला आणि उजेडात धरला, तेव्हा दिसलं. कडेला एक बारीक भोक पाडून त्यात काळा दोरा ओवलाय. गाठ आपल्या विभागातली, दोन वेढे आणि एक उलटा.

वरच्या टोकाला आहे, ठकू. मी दोनदा बघितलं.

बाबा